मुलाला पाटी लावण्याआधी: अध्ययन शैली, बहुविध बुद्धिमत्ता आणि आपला वर्ग

दोन शिक्षकी शाळेतलं माझं ते दुसरं वर्ष. एका प्रशिक्षणातून मी अध्ययन शैलींची प्रश्नावली घेऊन आले आणि तिसरी-चौथीच्या सगळ्या मुलांची तीन रंगांत यादी केली. निळा म्हणजे दृश्य, हिरवा म्हणजे श्राव्य, लाल म्हणजे कृतीतून शिकणारा. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी हिरव्यात गेली. फळ्यावरचं उतरवताना ती चुकायची, शेजारणीच्या वहीत डोकवायची, पण ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी परत सांगायची. मी तिला लिहायचं काम कमी केलं, ऐकायचं वाढवलं, आणि मनातून स्वतःवर खूशही झाले. चार महिन्यांनी आरोग्य तपासणीचं पथक आलं तेव्हा कळलं की पोरीला फळा दिसतच नव्हता.

ती यादी अजून माझ्या कपाटात आहे. नुकतंच कुणी शिक्षण सेवक म्हणून रुजू झालं आणि ‘बाई, माझ्या वर्गातली मुलं कोणत्या शैलीची हे कसं ओळखायचं?’ असं विचारलं, की मी ती काढून दाखवते. पुढचं सगळं त्याच प्रश्नाचं उत्तर आहे, जरा लांबलेलं.

पायरी १: दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवा

डी.एल.एड. या शिक्षक पदविकेच्या नोट्समध्ये अध्ययन शैली आणि बहुविध बुद्धिमत्ता शेजारीशेजारी येतात, म्हणून त्या एकच वाटतात. तशा त्या नाहीत.

अध्ययन शैली म्हणजे माहिती कोणत्या मार्गाने घ्यायला मला आवडतं ते. पाहून, ऐकून, वाचून-लिहून की करून? या चार गटांची जी प्रश्नावली जगभर फिरते ती न्यूझीलंडमधल्या नील फ्लेमिंग यांची. ते पूर्वी तिथे शाळा तपासनीस होते. प्रश्नावली आवड विचारते. आवडीच्या मार्गाने शिकवलं की मूल जास्त शिकतं, हा पुढचा दावा वेगळा आहे, आणि सगळी गडबड तिथेच आहे.

बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत हार्वर्डच्या हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडला. बुद्धी ही एका आकड्यात मावणारी एकच वस्तू नाही, माणसाच्या क्षमता अनेक आणि बऱ्याच अंशी स्वतंत्र असतात, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला सात सांगितल्या: भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, शारीरिक, अवकाशीय, इतरांना समजून घेण्याची आंतरव्यक्तिक आणि स्वतःला ओळखण्याची व्यक्तिअंतर्गत. आठवी, निसर्गविषयक, नव्वदच्या दशकात जोडली. पुस्तक लिहिलं मानसशास्त्रज्ञांसाठी, उचलून धरलं शिक्षकांनी. मानसशास्त्रात हा सिद्धांत आजही वादाचा आहे. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं की एका बौद्धिक कामात पुढे असलेली माणसं साधारणपणे दुसऱ्यातही पुढे असतात. मग या बुद्धिमत्ता खरंच स्वतंत्र म्हणायच्या का, असा टीकाकारांचा सवाल आहे.

गार्डनर यांनी स्वतः एकापेक्षा जास्त वेळा बजावलं आहे की माझ्या बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययन शैली नव्हेत. ज्याची सांगीतिक क्षमता चांगली आहे, त्याला भूगोल गाण्यातून शिकवावा असं त्यातून निघत नाही.

पायरी २: परीक्षेत काय लिहायचं ते लिहा, पण वर्गात जपून

टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, पेपरात बालमानसशास्त्राला ३० गुण असतात आणि गार्डनर तिथले नेहमीचे पाहुणे. शिल्पकार कोणत्या बुद्धिमत्तेचा? अवकाशीय. समुपदेशक? आंतरव्यक्तिक. जोड्या लावा, गुण घ्या, पुढे चला. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

वर्गात मात्र एक गोष्ट लक्षात असू द्या. शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो हे दाखवायचं तर प्रयोग कसा हवा? दृश्य गटातल्या अर्ध्या मुलांना चित्रांतून शिकवायचं, अर्ध्यांना बोलून. श्राव्य गटातही तसंच. शेवटी सगळ्यांना एकच चाचणी. चित्रवाल्यांना चित्रांतून जास्त आलं आणि ऐकणाऱ्यांना ऐकून जास्त आलं, तर दावा खरा. हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळं उपलब्ध संशोधन या कसोटीवर तपासलं. असे नीट केलेले प्रयोग फारच थोडे निघाले, आणि जे होते त्यातल्या कित्येकांचे निकाल दाव्याच्या उलट गेले. शैलीनुसार शिकवण्याला वर्गात जागा द्यावी एवढा पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

मुलांच्या आवडी वेगळ्या असतात हे यातून खोटं ठरत नाही. क्षमता वेगळ्या असतात, आधीचं ज्ञान तर फारच वेगळं असतं. खोटं ठरतं ते एवढंच, की आवडीचा मार्ग तोच शिकण्याचा मार्ग.

हे कळलं तेव्हा मला खरं तर हायसं वाटलं. दोन शिक्षक, चार इयत्ता, त्यात एक जण बैठकीला गेलेला. पंचवीस मुलांचे पंचवीस पाठ कोण काढणार?

पायरी ३: आठवडाभर फक्त बघा

एक साधी वही घ्या. रोज पाच मुलं, प्रत्येकाच्या नावापुढे दोन ओळी. मूल ‘कसं आहे’ ते लिहायचं नाही, मुलाने ‘काय केलं’ ते लिहायचं. ‘हुशार’, ‘चंचल’, ‘श्राव्य’ हे शब्द या वहीत बंद.

बघताना तीन प्रश्न मनात ठेवा. याला आधीपासून काय येतं? हा कुठे अडतो? आणि अडतो तेव्हा काय करतो: थांबतो, शेजाऱ्याला विचारतो, की काहीतरी लिहून मोकळा होतो?

याच आठवड्यात शैलीच्या बुरख्याआड लपलेल्या दुसऱ्या गोष्टी पकडायच्या. फळ्यावरचं उतरवता येत नाही: डोळे तपासा. हाक मारली की उशिरा वळतो, टीव्हीचा आवाज वाढवतो असं आई सांगते: कान तपासा. तोंडी सगळं येतं, पण वाचताना अक्षरं अडतात, उलटसुलट होतात आणि महिनोन्‌महिने तसंच राहतं: अध्ययन अक्षमतेची शंका घेऊन गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे, म्हणजे मदत मिळणं हा त्या मुलाचा हक्क आहे. आणि घरात पावरी, कोरकू किंवा कातकरी बोलणारं मूल पहिलीत गप्प बसलं, तर त्याला ‘कृतीतून शिकणारा’ म्हणून मणी ओवायला बसवू नका. त्याला तुमची मराठी अजून कळत नाहीये.

पायरी ४: मुलाच्या नव्हे, पाठाच्या शैलीचा विचार करा

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली कामाची किल्ली हीच. महाराष्ट्राचा नकाशा शिकवायचा तर नकाशा दाखवावाच लागतो, समोरचा कितीही श्राव्य असो. कविता कानावर पडलीच पाहिजे. पोहणं पाण्यातच शिकायचं. मार्ग ठरवतो तो विषय.

म्हणून पाठ हातात घेतला की आधी विचारा, यातली नेमकी अवघड जागा कोणती? आणि ती जागा दिसायला हवी आहे, ऐकू यायला हवी आहे, की हाताला लागायला?

अपूर्णांक घेऊ. अवघड जागा सगळ्यांना ठाऊक आहे: ‘१/४ मोठा की १/३?’ असं विचारलं की अर्धा वर्ग ‘१/४’ म्हणतो. चार तीनापेक्षा मोठा, मग १/४ मोठा. मूल चुकीचा विचार करत नाही, पूर्ण संख्यांचा नियम जिथे चालत नाही तिथे चालवतं.

पायरी ५: दोन-तीन दारं उघडा, सगळ्यांसाठी

गार्डनर इथे उपयोगी पडतात. आठ बुद्धिमत्ता म्हणजे मुलांचे आठ गट असं न धरता, एका पाठात शिरायची आठ संभाव्य दारं असं धरा. त्यातली दोन किंवा तीन निवडा आणि प्रत्येक मुलाला प्रत्येक दारातून आत न्या. भाषेत पक्की असलेली मुलगी दोरीही धरेल आणि उड्या मारणारा पोरगा वाक्यही लिहील.

अपूर्णांकासाठी मी वापरते ती दारं अशी.

पहिलं भाषेचं. मराठी पोराच्या घरात अपूर्णांक आधीच नांदत असतात: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. चतकोर भाकरी. पावणेदोन वाजले. पाठाच्या आदल्या दिवशी मी सांगते, घरातून असे शब्द गोळा करून आणा. कुणाचे आजोबा असतील तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढेही येतात, क्वचित साडेतीनाची औटकीसुद्धा. आजोबांनाच वर्गात बोलवावं. दोन पाव म्हणजे अर्धा, तीन पाव म्हणजे पाऊण, हे त्यांच्या चालीत कानावर पडलं की सांगीतिक दारही वेगळा खटाटोप न करता उघडतं. एक मात्र आहे. एक तृतीयांशाला पोरांच्या तोंडी असा रुळलेला शब्द नसतो, आणि गाडी नेमकी तिथेच अडते. म्हणून दुसरं दार लागतं.

दुसरं दोरीचं. बारा फूट दोरी पटांगणात ताणून धरायची. एक टोक ०, दुसरं १. मुलांच्या हातात चिठ्ठ्या: १/२, १/३, १/४. ‘आपापल्या जागी जाऊन उभे राहा.’ गेल्या वर्षी १/२ वाला बरोबर मध्यावर उभा राहिला. १/३ वाली त्याच्याही पुढे गेली, आणि १/४ वाला तिच्याही पुढे, जवळजवळ टोकापाशी. मी काही बोलले नाही. फक्त म्हटलं, ‘दोरीला घडी घालून बघा.’ दोन घड्या, चिमटा सहा फुटांवर. तीन घड्या घालताना गोंधळ झाला, तीनदा सोडून पुन्हा घातल्या. चिमटा चार फुटांवर. चार घड्या, चिमटा तीन फुटांवर. १/४ वाला चिमट्याकडे बघत मागे मागे सरकत आला आणि १/३ वालीच्याही मागे उभा राहिला. ‘बाई, पण चार मोठा ना?’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘अरे, तुकडे जास्त झाले म्हणून तुझा बारका झाला.’

हे वाक्य मी म्हटलं असतं तर एका कानाने आत आणि दुसऱ्याने बाहेर गेलं असतं.

तिसरं दार वाटपाचं. चार-चार मुलांचा गट, प्रत्येक गटाला कागदाच्या तीन गोल भाकऱ्या. समान वाटा. गटात वाद होतात, ते होऊ द्या. बहुतेक गट आधी दोन भाकऱ्या अर्ध्या करतात, प्रत्येकाला अर्धी मिळते. मग तिसरीचे चार चतकोर. अर्धी आणि चतकोर मिळून पाऊण. अर्धा अधिक पाव बरोबर पाऊण, ही बेरीज छेद समान करायचा नियम शिकवण्याआधीच मुलांच्या हातून होऊन गेलेली असते.

बाकीची दारं मी उघडत नाही. ‘निसर्गविषयक बुद्धिमत्तेसाठी पानाचे चार तुकडे करणे’ असं पाठ टाचणात लिहिलेलं मी पाहिलंय, लिहिलंयही. त्यात निसर्ग कुठेच नाही, नुसतं पान फुकट गेलं. एखादी कृती अवघड जागेला हात घालत नसेल तर ती करमणूक आहे. करमणुकीला माझी हरकत नाही, पण तिचा तास वेगळा.

पायरी ६: कृतीवरून कागदावर या

नवे शिक्षक सगळ्यात जास्त इथे घसरतात. पटांगणात मजा आली, फोटो निघाले, व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेले, आणि दुसऱ्या दिवशी वहीत पुन्हा १/४ मोठा. दोरीवर जे कळलं ते चिन्हात आपोआप उतरत नाही. पूल तुम्हालाच बांधायचा आहे.

माझा क्रम असा. दोरी सोडल्या सोडल्या, वर्गात जाऊन, प्रत्येकाने पाटीवर दोरीचं चित्र काढायचं. चित्राखाली अपूर्णांक लिहायचा. मग मी चित्र पुसायला सांगते आणि नुसते अपूर्णांक लहान-मोठे लावायला देते. अडलं की चित्र पुन्हा काढायची मुभा. शेवटी प्रत्येकाने एक वाक्य: ‘१/३ हा १/४ पेक्षा मोठा, कारण...’ ते ‘कारण’ महत्त्वाचं. वस्तू, चित्र, चिन्ह, वाक्य. चित्र आणि शब्द एकमेकांना जोडून आले की दोन्ही जास्त टिकतात, हे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पैव्हिओ यांच्या कामापासून चांगलं माहीत आहे, आणि ते सगळ्यांना लागू आहे.

पायरी ७: उद्या विचारा, आठवड्याने पुन्हा विचारा

दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना, पुस्तक बंद, तीन प्रश्न पाटीवर. आठवड्याने पुन्हा तीन. गुण नकोत, वहीत नोंद नको, भीती तर अजिबात नको. रोडिगर आणि कारपिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत जास्त आठवलं; पण आठवड्यानंतर बाजी मारली ती न बघता आठवून पाहणाऱ्यांनी. शैलींच्या याद्या करण्यात माझे जेवढे तास गेले, तेवढ्यात हे तीन-तीन प्रश्न वर्षभर झाले असते.

एक जोड मात्र द्या. कधीकधी उत्तर देण्याचं दार मुलाला निवडू द्या. कुणी लिहील, कुणी दोरीवर दाखवेल, कुणी शेजाऱ्याला समजावून सांगेल. ज्याचं लिहिणं कच्चं आहे त्याला अपूर्णांक कळलाय की नाही हे नुसत्या लेखी चाचणीतून कळत नाही. पण लिहिण्यातून त्याची कायमची सुटका नाही. तो सराव वेगळा चालूच ठेवायचा.

पायरी ८: नोंदी क्रियापदांत लिहा

आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आलं, आणि वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मागोमाग बाजारात आल्या. ‘गायनाची आवड आहे.’ ‘नेतृत्वगुण दिसतात.’ पंचवीस मुलांना त्याच आठ वाक्यांची आलटून-पालटून वाटणी. त्यापेक्षा पायरी ३ ची वही उघडा. माझी एक नोंद: ‘३ भाकऱ्या ४ जणांत बरोबर वाटल्या. “पाऊण” म्हणाला. लिहिताना ४/३ लिहिलं. अंश-छेदाची जागा पुन्हा घ्यायची.’ पुढच्या सोमवारी काय करायचं ते या नोंदीत लिहिलेलंच आहे.

पायरी ९: पालक विचारतील, तयार राहा

‘बाई, आमचा बंड्या ऐकूनच शिकतो, त्याला वाचायला लावू नका.’ यावर वाद न घालता वही दाखवा. त्याने काय केलं, कुठे अडला, आपण काय करतोय.

दुसरा प्रश्न खिशाशी येतो. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता सांगणाऱ्या चाचण्या हल्ली गावोगाव पोचल्यात. हजारो रुपये घेतात, रंगीत अहवाल देतात, त्यात गार्डनर यांच्या बुद्धिमत्ता टक्क्यांत छापलेल्या असतात. बोटांच्या रेषा गर्भातच तयार होतात, आणि त्यांवरून कुणाची भाषिक किंवा सांगीतिक क्षमता कळते याला वैज्ञानिक आधार नाही. पालकसभेत हे स्पष्ट सांगा. त्या पैशांत वर्षभराची गोष्टींची पुस्तकं येतात.

सुरुवात कुठून?

एकच पाठ निवडा, जो तुम्हाला स्वतःला शिकवायला जड जातो तो. त्यातली अवघड जागा एका वाक्यात लिहा. दोन दारं ठरवा आणि कागदावर कसं यायचं ते आधीच ठरवा. बाकीचे पाठ नेहमीसारखे घ्या; सगळं एकदम बदलायला गेलं की दिवाळीपर्यंत दमछाक होते आणि मग काहीच होत नाही. एका सत्रात असे चार पाठ झाले तरी पुष्कळ.

अपूर्णांकापासून करणार असाल तर दोरी सुतळीची घ्या. नायलॉनची ताणली की लांबते, घड्या सुटतात, आणि चिमटा चार फुटांऐवजी सव्वाचार फुटांवर बसतो. मग ‘सव्वाचार म्हणजे किती’ यात अर्धा तास जातो. अर्थात, तोही काही वाया जात नाही.